न हलणारा काटा

समुद्राला लागून असलेल्या एका गावात लवू मेस्त्री नावाचा कारागीर राहत होता. होड्यांची इंजिनं, पाण्याचे पंप, फटफट्या, जे काही धूर सोडतं ते शेवटी त्याच्याच दारात येई. त्याच्या हाताला यश होतं आणि ते त्याला चांगलंच ठाऊक होतं. एकदा हातावेगळं केलेलं काम तो पुन्हा तपासत नसे. "लवू मेस्त्रीन केल्यान म्हणजे झाला," असं लोक म्हणत. ते ऐकताना लवू मुद्दाम दुसरीकडे बघे, म्हणजे त्यांनी आणखी एकदा म्हणावं.

त्या गावाचा किनारा दिसायला देखणा, पण ओहोटीच्या वेळी फार दगाबाज. पाण्यात उतरलेल्या माणसाला तो बघता बघता आत ओढून नेई. म्हणून गावाने वाळूतून पळणारी, जाड चाकांची एक गाडी ठेवली होती. कुंदा तांडेल ही जीवरक्षक ती चालवायची. कुणी बुडताना दिसलं की कुंदा दोर घेऊन गाडीवर बसे आणि थेट लाटेपर्यंत जाई. मागच्या हंगामात मात्र ऐन वेळी गाडी वाळूत बंद पडली. कुंदा उरलेली वाट जिवाच्या आकांताने धावली आणि त्या माणसाला कसंबसं वाचवलं. सगळ्या गावाच्या काळजाचं पाणी झालं होतं.

दोष निघाला तो इंजिनाच्या पोटातल्या क्रँकमध्ये. क्रँक म्हणजे दोन जड लोखंडी चकत्या आणि त्यांना जोडणारी एक पिन. इंजिनाचा सगळा जोर त्या पिनेवर. ती आपल्या जागेवरून किंचित फिरली होती. पर्यटकांचा हंगाम तर तोंडावर आलेला. लवूने क्रँक सुटा केला, नवी पिन दाबून बसवली आणि ती पुन्हा फिरू नये म्हणून वेल्डिंग करायचं ठरवलं.

त्याआधी क्रँक सरळ करायला हवा होता. लवूने तो दोन आधारांवर आडवा ठेवला, बारीकसा वाकडेपणाही काट्याने दाखवणाऱ्या डायलचं टोक त्याला टेकवलं आणि हळूच फिरवला. डायलचा काटा झुलला. लवूने तांब्याच्या हातोडीने एक घाव घातला, तसा काटा कमी झुलला. आणखी एक घाव, आणखी कमी. डोळ्याला ज्याचा पत्ताही लागत नाही, केसाहूनही बारीक असा तो वाकडेपणा घावाघावाने निघत गेला. शेवटी क्रँक फिरत राहिला आणि काटा जागच्या जागी उभा राहिला. लवूने हे जन्मभर केलं होतं, तरी त्या क्षणी दर वेळी त्याचा श्वास अडकायचा. एवढं जड लोखंड, आणि माणसाचं एवढं ऐकतं! मग त्याने पिनेच्या दोन्ही टोकांना वेल्डिंग केलं. निळा उजेड पडला, लोखंड लाल झालं आणि सावकाश काळं पडलं. "झालं," असं म्हणून लवूने हात धुतले.

त्या गावात एक रीत होती. मोठं काम पुरं झालं की त्याला हळदकुंकू लावून देवाला गाऱ्हाणं घालायचं, नारळ फोडायचा, आणि त्यानंतर त्या वस्तूवर पुन्हा हातोडा चालवायचा नाही. तो अपशकुन समजत. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गाव लवूच्या दुकानापुढे जमला. गावातले वडीलधारे तात्या गावकर यांनी क्रँकला कुंकू लावलं, गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला. आता क्रँक इंजिनात बसवायचा, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात कुंदा पुढे आली. "लवूकाकानू, तो काटो माका दाखवशात? लोका सांगतत, बघूक मजा येता."

लवूला एवढंच हवं होतं. त्याने कुंकू लावलेला क्रँक आधारांवर ठेवला, डायल लावला आणि ऐटीत फिरवला.

काटा झुलला. एकदा इकडे, एकदा तिकडे.

"अगो बाय! कसो नाचता बघा!" कुंदा हरखून म्हणाली. लोकांनी टाळ्या पिटल्या.

लवूचा हात क्रँकवरच थांबला. तापलेलं लोखंड थंड होता होता स्वतःला आवळून घेतं. त्या ओढीने क्रँक वाकला होता. कुणाचा हात लागला नाही, कसला आवाज झाला नाही, आणि एवढं बळकट लोखंड आपलं आपण सरकलं होतं. लवूला त्या लोखंडाची भीतीच वाटली.

जमलेल्यांपैकी एकालाही काही कळलं नव्हतं. उलट काटा नाचतो म्हणून मंडळी खूश होती. गाडी सुरूही झाली असती, किनाऱ्यावर मिरवलीही असती. मग कधीतरी भर धावेत क्रँकने मान टाकली असती, आणि तेव्हा पाण्यात कुणीतरी हात हलवत असतं. लवूने नुसतं तोंड मिटून घेतलं असतं तरी त्याचं नाव शाबूत राहणार होतं. त्याने कुंदाकडे पाहिलं. ती अजून काट्याकडे कौतुकाने बघत होती.

"तो नाचूक नको, बाये," लवू म्हणाला. "तो गप रवाक होयो. माझा काम चुकला. वेल्डिंग केल्यावर मी परत बघूकच नाय."

टाळ्या थांबल्या. लवूने हातोडी उचलली, तसे तात्या आडवे आले. "लवू, गाऱ्हाणा घातल्यार परत हातोडो? खुळो झालंस काय?"

"तात्यानू, हो क्रँक दर्यार मोडलो तर माणूस बुडतलो. मगे ह्या कुंकवाचा मी काय करू?"

तात्या बाजूला झाले.

आता काम कालच्यासारखं सोपं नव्हतं. वेल्डिंगने पिनेला घट्ट धरलं होतं. हलक्या घावाला क्रँक दाद देईना, आणि जोराच्या घावाने जोड तडकला असता तर हंगामाआधी दुसरा क्रँक मिळायचा नव्हता. लवू घाव घाली, क्रँक फिरवी, काट्याकडे बघे आणि पुन्हा घाव घाली. कुंकू हातोडीला लागलं, त्याच्या बोटांना लागलं. काय बघायचं ते हळूहळू लोकांनाही उमगलं. काट्याचं झुलणं आखडत आखडत गेलं. शेवटी लवूने क्रँक फिरवला, आणि काटा हललाच नाही. सगळा गाव त्या न हलणाऱ्या काट्याकडे डोळे विस्फारून बघत राहिला. टाळी कुणीच वाजवली नाही. तात्यांचे हात मात्र आपोआप जोडले गेले.

हंगाम सुरू झाला. एका दुपारी किनाऱ्यावरून शिट्टी ऐकू आली. लवू हातातला पाना टाकून दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. तिथून किनारा दिसत नसे, आवाज तेवढा येई. कुंदाची गाडी सुटली. इंजिनाचा सूर चढला, ओल्या वाळूत जड झाला, पण तुटला नाही. मग तो लाटांच्या आवाजात बुडाला आणि लवूला सगळे देव आठवले. कितीतरी वेळाने तोच सूर परत येऊ लागला, एकसारखा. जवळ आला तेव्हा त्यात एका लहान मुलीचं रडणं मिसळलेलं होतं. चांगलं खणखणीत, जिवंत रडणं. लवू मेस्त्री पायरीवर मटकन बसला आणि स्वतःही रडू लागला.

तात्पर्य: आपली चूक आपल्या एकट्यालाच दिसते, तेव्हाच आपली खरी परीक्षा असते; ती चूक चारचौघांत कबूल करून जो सुधारतो, तोच खरा कारागीर.