पेवात सोडलेली पणती

मुलांनो, माळाच्या कडेला काळ्या रानात एक ससा आणि त्याची सशीण ज्वारी पिकवून राहत. ससा कष्टाळू, पण भारी उतावळा. सुगी झाली की दोघे अंगणातल्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खोल खड्ड्यात, दाणे भरत आणि त्याचे तोंड मातीने लिंपून टाकत. त्याच शिवारात एक टिटवी होती. ती शेताशेतावर जाऊन पेरणीपासून साठवणीपर्यंत काय जपावे ते सांगायची. कुणी विचारले नाही तरी सांगायची, म्हणून ती दिसली की ससा कान पाडून घ्यायचा.

पावसाळा सरला. घरातली कणगी रिकामी झाली आणि नेमका तेव्हाच सशिणीच्या माहेरची मंडळी येत असल्याचा निरोप आला. सशाने घाईघाईने पेवाचे तोंड फोडले. सशीण अंगाने बारीक, म्हणून खाली तीच उतरणार होती. कमरेला दोर बांधून तिने पाय आत सोडले, तेवढ्यात टिटवी येऊन काठावर बसली. पेव उघडल्याबरोबर कुणी उतरू नये, आत कोंडलेली हवा जीव घेते, असे तिने बजावले. सशाला रागच आला. "दोर बांधलाय की, टिटवीताई," तो म्हणाला.

"दोराने नुसते ओढून काढता येईल, गेलेला जीव परत येणार नाही," टिटवी म्हणाली. "आधी पणती सोडून बघा. ती विझली, तर आत श्वास घ्यायलाही हवा नाही असे समजा."

तिचे तोंड बंद व्हावे म्हणून सशाने पेटती पणती दोरीने खाली सोडली. अर्ध्यावर जाताच ती विझली. वारा असेल म्हणून त्याने पुन्हा लावली, सशिणीने पदराचा आडोसा धरला. पुन्हा ती तिथेच विझली. त्याने सशिणीला हाताला धरून मागे ओढले, आणि तो हात कितीतरी वेळ सोडलाच नाही.

मग टिटवीच्या सांगण्यावरून पेव दुसऱ्या दिवसापर्यंत उघडे ठेवले, दोरीला कडुलिंबाचा डहाळा बांधून वरूनच आतली हवा घुसळली. पाहुण्यांनी रताळ्यांवर भागवले. उजाडल्यावर पणती तळापर्यंत तेवत गेली, तेव्हा कुठे सशीण उतरली आणि ज्वारीची पाटी भरून हसत वर आली. सशाला इतके हायसे वाटले की त्याचे डोळेच भरून आले. पहिली गरम भाकरी त्याने टिटवीपुढे ठेवली.

"ताई," तो म्हणाला, "पुढच्या वर्षीही अशाच न बोलावता या."

तात्पर्य : धान्य एक दिवस उशिरा घरात आले तरी चालते, पण ते आणायला उतरलेले माणूस सुखरूप वर आले पाहिजे, म्हणून जाणत्याचा सल्ला काम करण्याआधी ऐकावा.