बांध वाढला

त्या मुलखात नदीला बांध दर हिवाळ्यात आपोआप तयार होई. वरच्या खिंडीत बर्फाच्या ढेपा एकमेकांत अडकत, पाणी त्यांच्यामागे तुंबे, आणि माघ सरता सरता तो बांध फुटे. कधी हळूहळू, कधी एकदम. एकदम फुटला तर खालच्या गावाला टेकाडावर चढायला थोडका वेळ मिळे. तेवढा पुरायचा, फक्त वेळेवर कळायला हवं.

कळवायचं काम धोंडजी नावाच्या साळिंदराकडे होतं. म्हातारा, एका डोळ्याने अधू, तोंडाचा फटकळ. शिकलेला अजिबात नाही, पण खिंडीत बारा हिवाळे काढलेला. रोज सकाळी तो आपला एक काटा बांधाच्या कडेला रोवून बर्फ किती चढला ते बघे. मग बांधाच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी पंजात घेऊन बघे. नितळ असलं तर चिंता नाही. गढूळ आलं तर बांध आतून सुटायला लागला, एवढं साधं होतं ते. जे दिसेल ते तो ओरडून सांगे, आणि खिंडीपासून गावापर्यंत तीन झाडांवर बसलेले तीन कोतवाल पक्षी त्याचा शब्द जसाच्या तसा पुढे नेत. कोतवाल कुणाचाही आवाज हुबेहूब काढतो. स्वतःचा असा त्याला फारसा नसतोच.

एका माघात बांध फुटला तेव्हा गावात राजाच्या भाच्याचं लग्न लागत होतं. अक्षता हातात, आणि वरून आरोळी आली, "फुटला! फुटला!" सगळं वऱ्हाड टेकाडावर पळालं. पाणी आलं, मांडव घेऊन गेलं, जीव एकाचाही गेला नाही. पण त्याबद्दल कुणी धोंडजीचं नाव काढलं नाही. ऐन मुहूर्तावर अभद्र बोलला, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

आठ दिवसांनी गावचा कारभारी कोल्हा धापा टाकत खिंडीत आला.

"धोंडजी, चांगल्या घरात बांगडी फुटते का हो?"

"आपटली तर फुटते."

"फुटत नाही. वाढते. दिवा विझत नाही, शांत होतो. तांदूळ संपत नाहीत, वाढतात. नारळसुद्धा आपण वाढवतो. मग राजाच्या नदीवरच ही फुटाफुटीची भाषा कशाला?"

"मग काय म्हणू?"

"बांध वाढला म्हणा."

"आणि खरोखरच वाढला तर?"

"तेव्हाही वाढलाच म्हणा. शुभच आहे की ते."

"कारभारी, दोन्हीला एकच शब्द ठेवलात तर खालच्यांनी चढायचं कधी?"

"लोक समजून घेतात, धोंडजी. लोक शहाणे असतात."

एवढं बोलून कोल्हा उतरला, आणि उतरता उतरता तिन्ही कोतवालांकडून चालणारे शब्द कोणते नि न चालणारे कोणते ते पाठ करून घेऊन गेला.

पुढचा हिवाळा कडक आला. पौषातच बर्फ असा चढला की सकाळी रोवलेला काटा संध्याकाळी दिसेना. धोंडजीने ओरडून सांगितलं, "बांध वाढला!" खरंच वाढला होता. गावाला नवा शब्द ठाऊक होता. सगळे पोराबाळांसकट टेकाडावर चढले आणि दिवसभर कुडकुडत बसले. पाणी आलं नाही. एक म्हातारा ससा तेवढा थंडीने गेला. दुसऱ्या खेपेला निम्मं गाव चढलं. चौथ्या खेपेला कुणी मानसुद्धा वर केली नाही, आणि पाचव्या खेपेला कोल्ह्याने साखर वाटली. बांध रोज वाढतो आहे, याहून राज्याची भरभराट ती काय असणार?

धोंडजीची लेक हौसा त्याच गावात दिली होती, अगदी काठावरच्या बिळात. ती एक दिवस भाजलेले कंद घेऊन बापाला भेटायला आली.

"आबा, दर वेळी मी दोन पोरं घेऊन वर चढते आणि सासू खाली बसून हसते. म्हणते, साळिंदराची पोर, काट्यालाही भिते. आता मी नाही चढायची."

"फुटला म्हटलं तर चढशील ना?"

"तुम्हाला म्हणू कुठे देतात?"

धोंडजीने कंद बाजूला ठेवले आणि तो बांधाच्या कडेला नवा काटा रोवायला गेला.

माघाच्या शेवटी दोन दिवस ऊन तापलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने पायथ्याचं पाणी पंजात घेतलं तर ते चिखलासारखं गढूळ. तो जिवाच्या आकांताने ओरडला, "गढूळ आलंय! बांध फुटणार!"

पहिल्या कोतवालाने शेपटी उडवली आणि पुढे आवाज दिला, "बांध वाढणार!"

"अरे काळ्या, फुटणार म्हणालो मी! फुटणार!"

"आजोबा, तो शब्द आम्हाला नाही."

"मग गढूळ तरी सांग!"

"तोही नाही."

धोंडजीने त्याला एक दगड फेकून मारला. तो लागला नाही. मग बारा हिवाळ्यांत पहिल्यांदाच त्याने खिंड सोडली आणि तो आपल्या पायांनी गावाकडे उतरू लागला.

तो पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि सगळं गाव काठावर जमलं होतं. बांध वाढणार, असा वरून निरोप आला होता ना. म्हणून कारभाऱ्यांनी नदीची पूजा मांडून पंचमंडळींना पाटावर बसवलं होतं. राजवाड्यातून सोललेला नव्हे, चांगला सालासकट नारळ आला होता. त्या थंड मुलखात नारळ बघायला मिळणंच दुर्मीळ. तो वाढवायचा मान बांध राखणाऱ्याच्या लेकीला, म्हणजे हौसाला दिला होता. ती कपाळाला हळद लावून, दोन्ही पोरं बाजूला घेऊन उभी होती, आणि मानाच्या पाटावर बसलेली तिची सासू तिच्याकडे बघून पहिल्यांदाच कौतुकाने हसत होती.

"फुटणार!" धोंडजी ओरडला. "चला वर! बांध फुटणार!"

सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

"या म्हाताऱ्याला कुणी आवरा रे," कोल्हा म्हणाला. "चांगलं कार्य चाललंय."

"आबा," हौसा हलक्या आवाजात म्हणाली, "आज माझा मान आहे. आज तरी नका ना."

धोंडजीने एका चांगल्या डोळ्याने नदीकडे बघितलं. इथलंही पाणी मळलं होतं. पण तिकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे नारळाकडे बघत होते. त्यानेही नारळाकडे बघितलं. मग तो मागे वळला, काटे फुलवले आणि उलटा जाऊन पूजेत मांडलेल्या त्या नारळावर आदळला. काटे सालात घुसले. नारळ पाठीवर घेऊन म्हातारा टेकाडाकडे पळत सुटला.

"आबा! अहो आबा! लाज घालवलीत माझी!" हौसा मागे धावली. आई धावली म्हणून पोरं धावली. राजाचा नारळ चालला म्हणून ससे धावले, माकडं धावली, मुंगसं शिव्या देत धावली. कोल्हा धावला नाही. पंचमंडळीही धावली नाहीत, आणि हौसाची सासूही नाही. पाटावर बसलेल्यांनी उठून पळायचं नसतं.

टेकाडाच्या माथ्यावर धोंडजीला धाप लागली आणि तो बसला. हौसाने त्याला गाठलं. रागाने तिचे सगळे काटे उभे होते.

"द्या तो नारळ."

"काढून घे," तो म्हणाला. "काढता येतो का बघ."

तिने पंजा पुढे केला, तेवढ्यात खिंडीकडून आवाज आला. पहिला कोतवाल, मग दुसरा, मग गावाच्या झाडावरचा तिसरा. खिंडीत धोंडजी नसतानाही अगदी त्याच्याच आवाजात.

"बांध वाढला! बांध वाढला!"

खाली कोल्ह्याने दोन्ही हात वर केले आणि पंचांनी जयजयकार केला. तो जयजयकार पुरता व्हायच्या आत पाणी आलं.

संध्याकाळी नदी परत आपल्या पात्रात गेली. जिथे गाव होतं तिथे चिखल, बर्फाच्या ढेपा आणि उपटलेली झाडं होती. हौसा पोरांना पोटाशी घेऊन खाली बघत बसली होती. तिच्या कपाळावरची हळद तशीच होती. तिसरा कोतवाल झाड गेल्यामुळे टेकाडावरच्या दगडावर येऊन बसला होता. राजवाड्याला खबर देणं त्याचं काम होतं.

"आता तरी सांग," धोंडजी म्हणाला.

कोतवालाने चिखलाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग मान ताठ केली आणि डोंगरापलीकडे आवाज दिला, "गाव वाढलं!"

तिसऱ्या दिवशी राजवाड्यातून चार बगळे आले. वाढलेल्या गावाला नवी वेस बांधायचा हुकूम होता. त्यांनी मोजणीची दोरी आणली होती, बरीच लांब. एक बगळा दोरीचं टोक चोचीत धरून चिखलात उभा राहिला आणि दुसरा दुसरं टोक घेऊन लांब लांब ढांगा टाकत चालत राहिला. थांबायचं कुठे ते त्याला कळेना.

थोरला बगळा टेकाडावर आला.

"पायाभरणीचा मुहूर्त आहे," तो म्हणाला. "तुमच्यापैकी कुणाकडे नारळ असेल का?"

धोंडजीने त्याच्याकडे पाठ वळवली. नारळ अजून तिथेच काट्यांत रुतून बसला होता.

"घ्या," तो म्हणाला. "फुटायचा एवढाच राहिलाय."

थोरल्या बगळ्याने आधी पंखांनी कान झाकले. मग नारळ काढून घेतला.