चाळीस कोंबडे आणि अडलेली पहाट

एका राज्यात पहाट अडून बसली होती. राजाच्या खुराड्यात कोंबडे झाले होते चाळीस. एक आरवला की सूर्य डोंगराआडून डोकं काढी. तेवढ्यात दुसरा आरवे, मग तिसरा, आणि सूर्य बिचारा गोंधळून पुन्हा खाली जाई. लोक गुलाबी धुक्यात अर्धवट झोपेत नांगर धरीत, अर्धवट झोपेत भाकरी थापीत. आंघोळ झाली की राहिली, हेही कुणाला आठवत नसे.

हे सारं धूम्राक्ष मांत्रिकाचं काम. राजाच्या कोंबड्या सांभाळणाऱ्या हैबतीकडे त्याने निळी अंडी घालणारी कोंबडी मागितली. हैबतीने दिली नाही. मांत्रिकाने मूठभर राख फुंकली, तसा हैबतीचा कोंबडा झाला. तेव्हापासून खुराड्यातल्या प्रत्येक अंड्यातून नरच निघू लागला.

अखेर राजाने हुकूम सोडला, "तीस माद्यांना तीन कोंबडे पुरेत. बाकीचे मुदपाकखान्यात न्या."

हैबतीची बायको भिवरा धावतच दरबारात आली.

"महाराज, त्यांत माझा धनी आहे."

"कोणता?"

भिवराला सांगता येईना. राजाला दया आली. "तीन प्रहर देतो. ओळखलास तर तुझा."

खुराड्यात निळ्या अंड्यांची कोंबडी बोलली, "बाई, त्याच्या तुऱ्यावर हात ठेव आणि नावाने हाक मार. तीनच हाका आहेत. कोणता तो, ते मलाही ठाऊक नाही."

भिवरा लाजली. जन्मात तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं.

"जीव चाललाय त्याचा, आणि लाजतेस काय!" कोंबडी फिस्कारली.

कोंबड्यांच्या जाती भिवराला तोंडपाठ होत्या. कडकनाथाचं सारं काळं, तुरा काळा, जीभसुद्धा काळी. इथे एकाचं अंग काळं आणि तुरा मात्र लालभडक! मांत्रिकाला कोंबड्यांतलं काय कळतंय, चुकला असणार. तिने हाक मारली, "हैबती!" त्याने तिच्या मनगटावर चोच हाणली.

"त्याची आई गावठी," कोंबडी म्हणाली. "मिश्र आहे तो."

दुसऱ्या प्रहरी तिला असील दिसला. उंच पाय, अंगाला चिकटलेली पिसं, जात भांडकुदळ. पण हा कोपऱ्यात गप्प उभा होता. हैबतीही असाच शांत माणूस. "हैबती!" असीलाने पाय उचलला. त्यात काटा होता. भिवराने तो काढताच गडी शेजाऱ्याच्या मानगुटीवर बसला.

तिसरा प्रहर सरत आला. बाहेर आचारी सुऱ्यांना धार लावीत होते. भिवराला रडू आलं. निदान उपाशी तरी जाऊ नयेत, म्हणून तिने ओंजळभर ज्वारी फेकली.

कोंबड्याची एक रीत असते. दाणा सापडला तर तो स्वतः खात नाही. कुट् कुट् करून माद्यांना बोलावतो आणि बाजूला उभा राहतो. एकोणचाळीस कोंबडे तसेच उभे राहिले. चाळिसावा, उलट्या पिसांचा, मान खाली घालून एकटाच भराभर दाणे टिपीत होता.

भिवरा बघतच राहिली. बारा वर्षं तिने भाकरी थापली होती आणि बारा वर्षांत 'तू जेवलीस का' असं त्याने एकदाही विचारलं नव्हतं. तिला राग आला, हसू आलं, आणि माया तर अशी दाटून आली की विचारू नका.

"हैबती!" तिने तुरा धरला आणि सारा दरबार ऐकेल अशी हाक मारली.

पिसं गळून पडली. तोंडात ज्वारी घेऊन हैबती उभा होता.

त्या क्षणी अंडी फुटली आणि त्यांतून माद्या चिवचिवत बाहेर आल्या. ज्या छत्तीस गावांत कोंबडा नव्हता, तिथे राजाने एकेक धाडला. उरले तीन. त्यांतला एक आरवला, दुसरे दोघे गप्प राहिले, आणि सूर्य अख्खाच्या अख्खा वर आला. लोक डोळे चोळून एकमेकांकडे पाहू लागले.

घरी भिवराने ताट वाढलं. हैबती पाटावर बसेना.

"काय झालं?"

"तू आधी जेव," तो खाली बघत म्हणाला. "त्या कोंबड्यासुद्धा मला हसायच्या."

भिवराने पहिला घास घेतला. बारा वर्षांत पहिल्यांदाच तिला भाकरी गरम लागली.