चौथा खांदा

गोदाकाठच्या सावरखेड्यात, गावकुसाबाहेर, ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांची दहा-बारा घरांची वस्ती होती. शांतवनबाबा तिथेच एका खोपटात राहत. अंगात जाडीभरडी बंडी, काखेत पवित्र शास्त्र आणि ओठांवर भजन. प्रिय जनहो, त्यांच्या आयुष्यातला हा प्रसंग जेवढा कळला तेवढाच सांगतो. पुरता तो कुणालाच कळलेला नाही, खुद्द बाबांनाही नाही.

बाबा शिकवीत, ‘प्रभूच्या माणसाने जगापासून वेगळे राहावे.’ वस्तीने दारू सोडली, तमाशाची वाट सोडली, जत्रेतला बळी सोडला. इथपर्यंत सगळे सरळ होते. पण वस्तीचे पंच सीलास मोठे कडक गृहस्थ. त्यांना एवढ्याने चैन पडेना. त्यांनी आग्रहच धरला, ‘गावच्या मयतीला खांदा द्यायचा नाही. खांदा दिला की विधी आला, विधी आला की बाटलो.’ बाबा घुटमळले, पण शेवटी त्यांनी शास्त्रावर हात ठेवून सर्वांना तशी शपथ घातली.

केरबा दोरवाल्याने शपथ घेतली खरी, पण तेव्हापासून त्याचे डोके चालेना. गावाला दोर विकावा की नाही? विहिरीवर कुणी विचारपूस केली तर बोलावे की नाही? भोळा जीव, ज्याला त्याला विचारत सुटला. सीलास त्याला ‘अर्धाकच्चा’ म्हणत. आणि पाटलाच्या वाड्यातले हैबतराव! त्यांना ना देऊळ मान्य, ना चर्च. चावडीवर बसून ते दोहोंची टिंगल करीत. केरबा दिसला की हाक मारीत, “काय रं केरबा, येगळं झालासा म्हनं? मग सूर्यबी येगळा मागवला व्हय? का आमचाच वापरतोस, फुकटात?”

लोक खो खो हसत. केरबा मान खाली घालून निघून जाई. पण प्रश्न मात्र त्याला खरा वाटे. सूर्य तर एकच आहे की!

त्या साली गावात पटकी शिरली. घरे ओस पडली, माणसे रानात खोपी घालून राहिली. एका सकाळी हैबतराव वस्तीच्या कडेला येऊन उभे राहिले. डोक्याला पागोटे नव्हते, पायांत वहाणा नव्हत्या.

“केरबा, दोर दे,” ते म्हणाले. “आई गेली. तिरडी बांधायचीय.”

“दोर देतो, पण खांद्याला कोन हाय?”

गावात उरलेल्या भावकीने दारे लावून घेतली होती. आई घरात एकटी पडली होती आणि एकुलत्या एका लेकाला तिला उचलून नेता येत नव्हते. ज्याच्या जिभेपुढे गाव चळचळा कापे, तो माणूस दोरवाल्यापुढे हात पसरून उभा होता.

केरबा धावतच बाबांकडे गेला. “बाबा, म्या काय करू? गेलो तर शपथ मोडती. न्हाई गेलो तर ती म्हातारी तशीच राहती. प्रभूला काय आवडंल?”

बाबांनी डोळे मिटले. केरबाला वाटले, आता वाणी होईल. पण बाबांनी डोळे उघडले ते भरलेले होते. ते म्हणाले, “केरबा, शपथ मीच घातली, आणि उत्तर मला सापडत नाही. दोर घे, चल.”

“पन पाप लागंल का?”

“वाटेत विचारू.”

सीलास दारातून हे ऐकत होते. ते तावातावाने भांडायला म्हणून मागोमाग निघाले. पण हैबतरावांच्या घरात गेल्यावर त्यांनीच पदर सारखा करून म्हातारीचा चेहरा झाकला.

तिरडी बांधली. हैबतरावांनी विस्तवाचे मडके धरले. रीतीप्रमाणे त्यांना पुढे चालायचे होते आणि मागे वळून पाहायचे नव्हते. उरले तिघे. बाबा आणि सीलास पुढच्या दोन टोकांना लागले. केरबा म्हणाला, “मागचं म्या बघतो. एक बांबू खांद्यावर, दुसरा उरलेल्या दोरानं गळ्यात अडकवतो.” तिरडी उचलली गेली आणि चालू लागली. अगदी समतोल चालू लागली!

अर्ध्या वाटेवर, विसाव्याच्या जागी, तिरडी खाली टेकवली. हैबतराव वळले. त्यांचा चेहरा उजळला होता. “भावकीतलं आलं ना कुनी? मागनं चौघांची पावलं वाजत हुती. कोन आलं?”

“मलाही तसंच वाटलं,” बाबा म्हणाले.

“माझ्यामागं कुणीतरी दमदार माणूस होता,” सीलास म्हणाले.

सगळ्यांनी केरबाकडे पाहिले. त्याने कमरेला हात लावला. उरलेल्या दोराचे वेटोळे तिथेच होते, जसेच्या तसे. दुसरा बांबू गडबडीत तो बांधायचाच विसरला होता!

“बाबा,” तो म्हणाला, “माझी मान खाली हुती. मला वाटलं दोरच पेलतोय. मग हे टोक कुनी धरलं हुतं?”

बाबा नुसते त्या रिकाम्या टोकाकडे पाहत राहिले.

हैबतरावांनी मडके खाली ठेवले आणि बाबांचे पाय धरायला वाकले. बाबांनी त्यांना वरच्या वर धरले. “माझे नको, हैबतराव. मी एकाच टोकाखाली होतो. आणि तेही भीत भीत.”

“मग कुनाचं धरू?”

“मलाही दिसला नाही,” बाबा म्हणाले.

हैबतराव तिरडीला वळसा घालून मागे गेले. ज्या टोकाखाली कुणीच नव्हते, तिथल्या धुळीत त्यांनी कपाळ टेकले आणि आईसाठी ते तेव्हा पहिल्यांदा रडले.

मसणवटीत बाबा, सीलास आणि केरबा विधीला गेले नाहीत. दूर लिंबाखाली वेगळे उभे राहून त्यांनी प्रार्थना केली. पण ते नंतर. विसाव्यावर तिरडी पुन्हा उचलायची वेळ आली तेव्हा केरबाने कमरेचा दोर सोडून हातात घेतला आणि बांबूला न बांधताच परत कमरेला खोचला.

“उचला,” तो म्हणाला. चारही टोके एकदम वर आली.