खारीची ठासून भरलेली ढोली

सातपुड्याच्या एका दाट रानात, सावरीच्या झाडाच्या ढोलीत एक खार राहत असे. खार मोठी कष्टाळू, पण मुलांनो, स्वभावाने भारी संशयी. तिच्या तीन पिल्लांनी अजून डोळेही उघडले नव्हते आणि पौषातली थंडी तोंडावर आली होती. म्हणून तिने वाळकं गवत आणलं, उन्हाळ्यापासून जपलेला सावरीचा कापूस काढला, बोरीच्या काट्यांना अडकलेली मेंढ्यांची लोकर ओढून आणली, गळलेली पिसंसुद्धा सोडली नाहीत. जितकं जास्त, तितकी ऊब, अशी तिची पक्की समजूत. सगळं पायांनी तुडवलं, डोक्याने रेटलं आणि जरा जागा झाली की वर आणखी भरलं.

एका संध्याकाळी उत्तरेचा बोचरा वारा सुटला. थोरली दोन पिल्लं कुडकुडू लागली. धाकटं तर रडायचंही थांबलं. खारीला कळेना, एवढं भरूनही ढोली गार कशी? तिने धाकट्याला पोटाशी घेतलं, पण ते दूध ओढेना. ती घाबरून आणखी कापूस कोंबू लागली.

समोरच्या फांदीवर एक चिमणी पिसं फुगवून बसली होती. ती म्हणाली, "खारूताई, कोंबू नकोस. निम्मं बाहेर काढ आणि उरलेलं पिंजून सैल कर. गारठ्यात मी पिसं फुगवते, आवळून घेत नाही. ऊब त्यांच्यामधल्या हवेत टिकते. तू तर हवेला जागाच ठेवली नाहीस."

"मी बाहेर काढायचं आणि तू आपल्या घरट्यात न्यायचं, होय ना?" खार फणकारली.

"काडीसुद्धा नेणार नाही. तू आधी लेकराकडे बघ."

खारीने धाकट्याला नाकाने ढोसलं. ते हललं नाही. मग मात्र तिने मागचापुढचा विचार केला नाही. दातांनी उपसून उपसून तिने सगळा साठा मोकळा केला. निम्मा तर वाऱ्याने तिच्या डोळ्यांदेखत उडवून नेला. तिला फार वाईट वाटलं, पण ती थांबली नाही. उरलेली लोकर आणि कापूस तिने तंतू तंतू सुटा केला, पिल्लांभोवती अलगद पसरला आणि त्यांना कुशीत घेऊन बसली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पोटाशी काहीतरी चाचपडलं. धाकटं दूध ओढू लागलं होतं.

तात्पर्य : हव्यासाने ठासून भरलेलं घर गारच राहतं; थोडं सोडून देता आलं, तरच उरलेलं कामी येतं.