कणकेची मेजवानी

गर्जसेन महाराजांना शेजारच्या चिमुकल्या निर्झरपूरशी वीज आणि गॅसचा एकच बाजार करायचा होता. ते उदारपणे म्हणाले, "तुमची वीज आजपासून आम्हाला द्या. आमचा गॅस पाइप टाकल्यावर येईलच कधीतरी!"

अशा करारावर सही केली तर आपल्या घरांत अंधार होणार, हे निर्झरपूरच्या दिवाण मैनावतीबाईंनी ओळखलं. त्या म्हणाल्या, "आधी जेवून घ्या, महाराज."

महाराजांच्या पानात कच्च्या कणकेचे गोळे पडले.

"ही काय थट्टा?"

"थट्टा कसली? एकत्र स्वयंपाक आहे. आमची कणीक लगेच वाढली. तुमचा गॅस पोहोचला की पोळ्या भाजू."

पोटात कावळे ओरडू लागले, तेव्हा वीज आणि गॅस एकाच दिवशी सुरू करण्याचं ठरलं. भरल्या पोटी महाराजांना इतका न्याय कधीच सुचला नव्हता.