गोजरामायचा हौद

नेमकं साल मला विचारू नका. आमच्या चिंचखोऱ्यातल्या बाप्टिस्ट चर्चला तेव्हा साधी घंटाही नव्हती आणि मंडळी म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली सात घरं, एवढं मात्र पक्कं. त्या वस्तीत गोजरामाय नावाची सुईण राहायची.

गावात कुठंही बाई अडली की गोजरामायला बोलावणं यायचं, अगदी पाटलांच्या घरूनसुद्धा. पोर बाहेर येईपर्यंत तिचे हात सगळ्यांना चालायचे. नंतर तिनं गावच्या विहिरीच्या पायरीवर पाऊल ठेवलेलं चालायचं नाही. आडवं आलेलं मूल ती पोटावरून नुसता हात फिरवून सरळ करायची, असं म्हणतात.

आता बाप्टिस्टांचा बाप्तिस्मा म्हणजे चार थेंब शिंपडून भागत नाही. माणसानं आपल्या तोंडानं विश्वास सांगायचा आणि पुरतं पाण्याखाली जायचं. गोजरामायला तो घ्यायचा होता. अकरा वेळा ती धुतलेलं लुगडं नेसून नदीवर गेली आणि अकराही वेळा कुणीतरी धावत आलं, "माय, चल बिगी बिगी, पोरगी अडलीया!" ती तशीच मागं फिरायची.

बाराव्या खेपेला ती स्वतःच अंथरुणाला खिळली. त्यात ते साल वाईट, नदी पार आटलेली. सात घरांनी मिळून चर्चमागं दगडी हौद बांधला, पण भरायचा कशानं? नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून दिवसाला चार कळशा निघत, त्यातल्या दोन प्यायला लागत. आठ दिवसांत हौदात जेमतेम घोटाभर पाणी झालं. पाळक शमुवेलराव तिच्या उशाशी बसून म्हणाले, "माय, देव मन बघतो. पाण्यावाचून काही अडत नाही."

"अडतं," म्हातारी म्हणाली. "जल्मभर लेकरं पाण्यातनं भाईर काढली म्या. मला बी कुणीतरी एकदा काढा."

हे बोलणं गावभर झालं. रविवारी सकाळी पाटलीणबाई विहिरीवरून कळशी भरून निघाल्या, त्या थेट वस्तीच्या वाटेला लागल्या. पाटील आडवे आले. "कुठं निघालीस?"

"माज्या चार लेकरांपायी तिचं चारदा ऱ्हायलं," त्या म्हणाल्या. "व्हा बाजूला."

पाटील बाजूला झाले. मला विचाराल तर या गोष्टीतला सगळ्यात मोठा चमत्कार हाच. पण लोक पुढचे सांगतात. पाटलीणबाईंच्या मागं गावातल्या आया निघाल्या, जिथं जिथं गोजरामायचा हात लागला होता त्या प्रत्येक घरातून कळशी आली, आणि तरी विहीर बोटभरसुद्धा उतरली नाही, असं म्हणतात. हौद छातीपर्यंत भरला. गोजरामायला खाटेवरून आणलं. पाण्याखाली जाऊन ती वर आली तेव्हा तिची वाकलेली कंबर ताठ झाली होती, असं म्हणतात. पुढं ती बारा वर्षं जगली की बाराच दिवस, यावरून आमच्यात अजून भांडणं होतात.

विहीर सगळ्यांना खुली व्हायला मात्र आणखी नऊ वर्षं गेली. तेही सांगायलाच हवं.

आता हौदाला नळ आहे, पण बाप्तिस्म्याच्या दिवशी तो बंद ठेवतात. वर्षभरात ज्यांच्याकडं पाळणा हलला ती घरं, मग कुठल्याही आळीतली असोत, कळशी घेऊन येतात. आणि त्या दिवशी गावातल्या कुणाला कळा सुरू झाल्या असतील तर पाळक पाण्यात उतरत नाहीत. बाप्तिस्मा घेणारे पांढऱ्या कपड्यांत बसून राहतात, सगळी मंडळी बसून राहते. गेल्या साली तालुक्याच्या दवाखान्यातून फोन यायला साडेतीन तास लागले. मुलगी झाली, आणि मग आम्ही पहिलं गीत धरलं.